हाताला बसेल ते पिस्तूल

कवितेचा माणूस पिस्तुलावर बोलणार आहे, असं कळल्यावर माझ्या एका मित्रानं विचारलं, "काय, समीक्षकांचा बंदोबस्त करायचा विचार आहे की काय?" तसं काही नाही. माझी भाची दोन वर्षांपासून नेमबाजी शिकते आहे. तिच्यासाठी पिस्तूल घ्यायची वेळ आली तेव्हा घरात या विषयातलं कुणालाच काही कळत नव्हतं. खानदानातला पदवीधर म्हणून चौकशीचं काम माझ्याकडे आलं. मी बी.ए. केलं ते मराठी घेऊन. ती पदवी इथं किती उपयोगी पडली असेल, ते तुम्हीच ताडा. पण विचारत विचारत, रेंजच्या बाकावर तासन्‌तास बसून बघत बघत जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमच्या कोल्हापूर भागाला नेमबाजीचं वेड आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. पिस्तुलाचं नाव काढलं की राही सरनोबत. २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्ण जिंकलं. पण आमच्या बहिणीच्या घरात जास्त बोललं जातं ते २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेबद्दल. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिथं पहिली आली महाराष्ट्राची अनिसा सय्यद आणि दुसरी आली राही. जोडीच्या प्रकारात दोघींनी मिळून सुवर्ण घेतलं. सय्यद आणि सरनोबत ही दोन नावं एका पदकावर! माझ्या भाचीला नेमबाजीला पाठवताना तिच्या आईनं याहून वेगळा विचार केला नव्हता.

आता पिस्तूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातलं, कमरेला खोचलेलं काहीतरी येतं. नवशिक्याचं पहिलं पिस्तूल त्या जातीचं नसतं. ते हवेवर चालतं. त्यात दारू नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला गोल भोक पाडतो. दहा मीटर म्हणजे सुमारे तेहतीस फूट. कागदावरचा दहा गुणांचा मधला गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो. आपल्या शर्टाचं बटण बघा, जवळपास तेवढाच. स्पर्धेत असे साठ छर्रे सव्वा तासात सोडायचे, आणि तेही एका हातानं. दुसरा हात खिशात घालायचा, नाहीतर पट्ट्यात अडकवायचा. नियमानं पिस्तूल दीड किलोच्या आत लागतं. बहुतेक पिस्तुलं किलोभराच्या आसपास भरतात. घरी साखरेची किलोची पुडी घ्या, हात ताठ करून खांद्याइतकी उचला आणि मनात पंधरा आकडे मोजा. मग साठ वेळा हे करायचं आहे, असं समजा. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीसाठी पिस्तूल घेताना शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक किती मोठा असतो, ते कळेल.

सुरुवातीला मी सगळ्यांना एकच विचारत होतो, "कुठल्या कंपनीचं घ्यावं?" नावं पटापट कळली. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीचं पार्दिनी. मीही ती वृत्तांची नावं पाठ करावीत तशी पाठ केली. भाचीच्या प्रशिक्षकांपुढे एकदा सगळी म्हणून दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "चाचा, पोरीसाठी चप्पल घेताना तुम्ही आधी कंपनी बघता की पाय?" मग त्यांनी भाचीचा पंजा माझ्यापुढे पसरून धरला.

सगळी मेख इथं आहे. या पिस्तुलाची मूठ लाकडाची असते, पुष्कळदा अक्रोडाच्या. बोटांच्या खाचा, तळव्याचा उंचवटा, खाली हाताला आधार द्यायला वरखाली सरकणारी फळी, असं सगळं तिच्यात कोरलेलं असतं. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत ती मिळते आणि उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते. तळवा सगळीकडून टेकला पाहिजे, पण कुठं आवळून धरावं लागता कामा नये. तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर सरळ यायला हवी. बोट लांबवावं लागलं किंवा आखडावं लागलं, तर चाप दाबताना नळी बाजूला ओढली जाते. चाप पुढंमागं सरकवायची सोय बहुतेक पिस्तुलांना असते, पण मूठच मोठी असेल तर ती सोय किती पुरणार?

मूठ बसते की नाही, हे ओळखायची एक साधी युक्ती प्रशिक्षकांनी दाखवली. पिस्तूल हातात नीट बसवायचं, डोळे मिटायचे, हात सावकाश लक्ष्याच्या उंचीला आणायचा आणि डोळे उघडायचे. मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट आपोआप मधोमध उभी दिसली, तर हे पिस्तूल तुमचं. ती खाचेच्या एका बाजूला गेली असेल किंवा दिसतच नसेल, तर मनगट वाकवून ती जागेवर आणावी लागणार, दर वेळी, साठ वेळा. असं तीन-चारदा करून पाहायचं. दुकानात हे करताना लोक बघतात, बघू द्यावं.

डोळ्याचंही एक आहे. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक मुकादम असतो. हात लांब करून अंगठा आणि बोटाचं कडं करा, त्यातून दूरच्या दिव्याकडे बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं दिवा कड्यातच राहतो, तो मुकादम. आमच्या पोरीचा हात उजवा आणि डोळा डावा निघाला. मी घाबरलो, आता डाव्या हाताची मूठ घ्यायची की काय! प्रशिक्षकांनी हात बदलला नाही. डाव्या डोळ्यापुढे छोटी झापड लावली आणि उजव्या डोळ्याला काम शिकवलं. काहींच्या बाबतीत हात बदलणं सोपं जातं म्हणे. पण हे ठरण्याआधी पिस्तूल विकत घेतलं असतं, तर पैसे पाण्यात जायची पाळी आली असती.

आणि या सगळ्यात बघायचं कुठं? मला वाटायचं, लक्ष्याकडे. तसं नाही. नेमबाज पुढच्या साइटकडे बघतो. ती रेखीव दिसली पाहिजे आणि पलीकडचा काळा गोल धूसर राहू द्यायचा. नवशिक्याचा डोळा सारखा गोलाकडे पळतो आणि साइट हलते. म्हणून साइटची खाच कमी-जास्त रुंद करता येईल असं पिस्तूल पहिल्यापासून असलेलं बरं.

चापाबद्दल एवढंच सांगतो, की तो किमान पाचशे ग्रॅम वजन पेलणारा लागतो. स्पर्धेआधी पिस्तूल उभं धरून चापाला खरोखरच वजन लटकवतात आणि तपासतात. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात. पहिला ढिला, मग बोटाला एक भिंत लागते, तिच्यावर दाब वाढवत जायचा. मुशायऱ्यात काफिया येणार हे रसिकाला ठाऊक असतं, पण तो नेमका कसा पडेल हे नसतं; इथं बोटाचं तसंच असतं. अजून एक सोय आवर्जून बघावी. हवा आणि छर्रा न वापरता नुसता चाप चालवता येतो का? याला कोरडा सराव म्हणतात. भाची रोज संध्याकाळी कोऱ्या भिंतीकडे बघत अर्धा तास हेच करते. रेंजला जायला रोज कुणाला जमतं?

आता पैशांकडे येऊ. माझी बहीण शिवणकाम करते. भाचीचे वडील नाहीत. आम्ही चौकशी केली तेव्हा नावाजलेलं नवं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जात होतं आणि शिकाऊंसाठीचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. बहिणीजवळ भिशीचे थोडे पैसे होते, आणि मुलीच्या लग्नासाठी जपलेल्या दोन पाटल्या. ती मला म्हणाली, "भाई, पाटल्या मोडायला माझी ना नाही. पण वर्षानं हिचं मन उडालं, तर ते घेऊन मी काय करू? शिलाई मशीन तरी विकता येतं."

नेमकं त्याच सुमारास एक गृहस्थ भेटले. त्यांच्या मुलानं खेळ सोडला होता आणि त्याचं परदेशी बनावटीचं, विजेवर चालणाऱ्या चापाचं पिस्तूल निम्म्या किमतीत द्यायला ते तयार होते. उद्यापर्यंत कळवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, असंही म्हणाले. पेटी उघडली आणि माझे डोळे दिपले. जुन्या पिस्तुलात काय बघायचं, ते मात्र प्रशिक्षकांनी सांगून ठेवलं होतं. हवेच्या नळकांड्यावर तारीख असते. ते जास्तीत जास्त दहा वर्षं चालतं, पुढं स्पर्धेत घेत नाहीत, आणि तारीख बघायची जबाबदारी खेळाडूची. या नळकांड्याला नऊ वर्षं झाली होती. मूठ मोठ्या मापाची, वर त्या मुलानं आपल्या हातासाठी लांबी भरून, घासून तिला आकार दिलेला. भाचीनं ते हातात घेतलं, डोळे मिटले, हात वर नेला, डोळे उघडले. तीनदा केलं. ज्या नावाचं चित्र तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, तेच पिस्तूल तिच्या हातात होतं. ते पेटीत ठेवून ती म्हणाली, "मामू, साइट दिसतच नाही. चला." रिक्षात बसल्यावर मात्र ती बराच वेळ बाहेर बघत होती.

विजेच्या चापाला मी नावं ठेवत नाही. जगातले उत्तम नेमबाज तो वापरतात. पण २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अवघ्या दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. पुढं २०२४ मध्ये पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं मिळवली, हे खरं. तिच्याभोवती जाणकार माणसं होती तरी एवढा वेळ गेला. आमच्या गावात पोरीच्या पिस्तुलाचं सर्किट गेलं, तर ते कोण बघणार? पहिलं पिस्तूल साध्या यांत्रिक चापाचं असावं आणि त्याचे सुटे भाग देशात मिळावेत, हे माझं मत त्यामुळे पक्कं झालं.

भाची आणखी आठ महिने क्लबच्या पिस्तुलावर खेळली. पावसात, सहामाही परीक्षेत, तापातून उठल्यावरही तिचं जाणं चुकलं नाही. बहिणीला हवं होतं ते उत्तर तिला मिळालं. मग एक पाटली मोडली आणि लहान मुठीचं, हलकं, साध्या चापाचं नवं पिस्तूल घेतलं. दुसरी पाटली अजून कपाटात आहे. पिस्तुलाबरोबर खर्च संपत नाही, हेही सांगतो. पाचशे छर्ऱ्यांचा डबा नियमित सराव असला की आठवड्याभरात संपतो. हवा भरायला सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ म्हणावा असा हातपंप लागतो. दोनशे बारपर्यंत दाब न्यायचा, म्हणजे मामाचा व्यायाम होतो. शिवाय प्रवेश फी, प्रवास.

कायद्याचं थोडं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. हे पिस्तूल त्याच्या पुष्कळ आत बसतं. अनिसा आणि राही ज्या २५ मीटर प्रकारात खेळल्या, त्यातलं पॉइंट टू-टू मात्र खरं अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतो. ती पायरी आमच्यापासून अजून लांब आहे. तरीही हवेचं पिस्तूल कुलूपबंद पेटीत, नळीतून आरपार रंगीत दोरी घातलेलं, आणि बिल, ओळखपत्र, क्लबचं कार्ड त्याच पेटीत, असाच आमचा प्रवास असतो. एस.टी.त बसताना माझी बहीण ती कागदपत्रं दोनदा तपासते. आमच्या घरात ही काळजी जरा जास्त घेतली जाते. कारण सांगायला नको.

नवं पिस्तूल आल्यावर पहिले तीन आठवडे प्रशिक्षकांनी तिला काळा गोल दिलाच नाही. कागद उलटा लावायचा, पांढरी बाजू पुढं करून. गुण मोजायचे नाहीत. भोकं एकमेकांजवळ पडतात का, तेवढंच बघायचं. परवा तसा एक वीस छर्ऱ्यांचा कागद तिनं आईला दाखवला. आईनं गळ्यातला टेप काढून मापं घेतली. एकोणीस भोकं सहा सेंटिमीटरच्या आत होती. विसावं कुठं गेलं, यावर दोघींचा वाद अजून मिटलेला नाही.