पाड्यावरचे वार्धक्य
निरामय वार्धक्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जाणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानी धरावे की, जिच्या जन्माची नोंद कोणत्याच दप्तरात नाही आणि जिचे वर्ष पेरणी-लावणीने सरते, अशा वृद्धेला आजची तारीख विचारून स्मृतिभ्रंशाचे निदान करणे हे शास्त्र नव्हे. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांकरिता सिद्ध झालेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत म्हणूनच लेखी सूचना वाचावयास न देता परीक्षक स्वतः डोळे मिटून दाखवितो व तसेच करावयास सांगतो. वारली बोलीत अशी चाचणी रचणे, हा माझ्या मते प्रबंधाचा उत्तम विषय होय. आणि वार्धक्य म्हणजे केवळ ऱ्हास नव्हे, याचा दाखला म्हणून, गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, पद्मश्री लाभली, हेही टिपणवहीत असावे.