सभा चालवायची म्हणजे बोलतं करायचं
(पाडा कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



कारखान्यांत, ऑफिसांत आता गटाची बैठक कशी चालवावी याची शिबिरं होतात. आपलं कामाचं ठिकाण म्हणजे पाडा. आपल्याला हे शिकायची गरज जास्त आहे, कारण 2006 च्या वनहक्क कायद्याने दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेच्या हातात दिली आहे. सभा कच्ची राहिली तर दावा कच्चा राहतो.

2012 च्या दुरुस्तीप्रमाणे सभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्यांचा ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं पाहिजेत. पण डोकी मोजली, अंगठे घेतले, म्हणजे सभा झाली असं नाही.

का ते सांगतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून प्लॉट कसतो, हे दाखवायला दोन पुरावे लागतात. कोणाकडे फॉरेस्टच्या दंडाची पावती असते, कोणाकडे कागदाचा तुकडाही नसतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा कायद्याने एक पुरावा आहे. पण तो म्हातारा सभेत तोंडच उघडत नसेल तर जबाब लिहिणार कुठून? त्याला बोलतं करणं हे सभा चालवणाऱ्याचं काम.

म्हणून वेळ बघा. माणसं वीटभट्टीवर, बोटीवर, चिकूच्या वाडीत गेलेली असताना सभा लावू नका. बाया पाणी भरून, भाकरी करून मोकळ्या होतात ती वेळ त्यांनाच विचारा. गोल बसा. पुढाऱ्याला खुर्ची आणि बाया ओट्याच्या कोपऱ्यात, असं नको. आपल्याकडे धवलेरीशिवाय लग्न लागत नाही. मग जमिनीच्या सभेत बाई गप्प का बसावी? नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे होतो, हे पहिल्यांदाच सांगा.

"सगळ्यांना मान्य आहे ना?" असं विचारू नका. त्यावर माना हलतात, दुसरं काही होत नाही. "ओहोळाच्या वरच्या अंगाला कोण कसतं? तुमच्या बांधाला बांध कोणाचा?" असं विचारा. मोठ्या सभेत जीभ अडखळते, म्हणून आधी पाच-पाच घरांना वेगळं बसू द्या. मग प्रत्येक गटातून एकाने सांगायचं, आणि तो एक दर वेळी वेगळा पाहिजे. कोणी फार बोलत असेल तर अपमान न करता थांबवा : "दादा, तुमचं ध्यानात आलं, आता काकीला बोलू द्या."

बांधावरून भांडण निघालं तर तिथे मतं मोजत बसू नका. दोन्ही घरं आणि शेजारी घेऊन प्लॉटवर चला. वनहक्क समितीतल्या माणसाचा स्वतःचा दावा आला तर त्याने तसं सांगून त्या तपासणीतून बाजूला व्हायचं. हा नियमच आहे. तो आठवण करून द्यायला लाजू नका, मग तो आपल्या संघटनेचा का असेना.

बोलणं वारलीत होऊ द्या. ठराव मराठीत लिहा, पण सही-अंगठ्याच्या आधी तो मोठ्याने वाचा आणि वारलीत समजावून सांगा. कोऱ्या वहीवर अंगठा कधीच द्यायचा नाही, कोणीही मागितला तरी. उद्या दावा नामंजूर झाला तर 60 दिवसांत अपील करावं लागतं. तेव्हा ही वहीच आपल्या बाजूने उभी राहते, आणि काय बोललो ते ज्याला आठवतं तो माणूस.

23 मे 1945 ला तलासरीकडच्या झरी गावात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सभेला हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोजाला 12 आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, असं ठरलं. ते नुसतं व्यासपीठावर ठरून भागलं नसतं. पाड्यापाड्यात माणसांनी ते आपलं मानलं म्हणून ते टिकलं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या पाड्याच्या सभेची वही आणायची. किती जण हजर होते ते आम्ही विचारणारच. त्याच्या आधी विचारू, पहिल्यांदा बोललेलं माणूस कोण होतं?

जिंदाबाद!