प्लास्टर निघालं, पण पोटरी कुठे गेली?

गेल्या वर्षी माझ्या आईचा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. ते काढलं तेव्हा हाड छान जुळलं होतं, पण पोटरी एकदम बारीक. आई म्हणाली, "आता या वयात कुठलं मांस भरतंय!" खरंच भरत नाही का? आज तेच बघूया.

आपल्या शरीरात स्नायू तीन प्रकारचे. हृदयाचा स्नायू, आतडी-रक्तवाहिन्यांचे अनैच्छिक स्नायू आणि हाडांना जोडलेले, आपल्या हुकमावर चालणारे ऐच्छिक स्नायू. पोटरी या तिसऱ्या प्रकारातली. तिच्यात लांबच लांब तंतू असतात. एकेक तंतू म्हणजे एकेक पेशी, आणि तिच्यात केंद्रकं मात्र शेकड्यांनी! तंतूच्या आत दोन प्रथिनांचे धागे असतात: जाड मायोसिन, बारीक ॲक्टिन. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून बघा. बोटं तेवढीच राहतात, पण मनगटं जवळ येतात. १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन स्वतंत्र गटांनी ही गोष्ट मांडली.

हे धागे कायमचे नसतात बरं का. शरीर ते सतत मोडतं आणि नवे बनवतं. पाय हलला नाही की नवे बनणं मंदावतं आणि तंतू बारीक होतो. पण महत्त्वाचं हे, की बारीक झालेला तंतू पुन्हा जाड होऊ शकतो. शिवाय इजा झाली तर दुरुस्तीला सॅटेलाइट पेशी शेजारीच असतात. हृदयाचं नशीब तसं नाही. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणच राहतो.

आणि वयाचं म्हणाल, तर १९९० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या दहा आजी-आजोबांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवड्यांत मांडीची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली.

हे मी आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, पण फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं खुर्चीतून उठणं-बसणं तिने रोज केलं. वरणाची वाटीही वाढवली. चार महिन्यांनी ती कठड्याला न धरता जिना चढली.

तुमच्याही घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, "यांना हलवायला कधी सुरुवात करायची?"

भेटू पुढच्या भागात!