सेवामुक्तीचा आदेश आणि अपंगत्वाचा पुरावा
(कार्यालयप्रमुख, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



अपंगत्वामुळे नोकरीतून काढले, असे कोणत्याही आदेशात सहसा लिहिलेले नसते. ‘काम समाधानकारक नाही’, ‘अनधिकृत गैरहजेरी’, ‘सेवेची आवश्यकता उरलेली नाही’ असे शब्द तेथे असतात. त्यामुळे ज्याची नोकरी गेली, त्याच्यापुढे पोटाच्या प्रश्नाबरोबरच आणखी एक प्रश्न उभा राहतो: खरे कारण सिद्ध कसे करावयाचे? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. या कायद्यात ते २१ आहेत. ४० टक्के अपंगत्वाची अट नोकरीतील आरक्षणासाठी आहे. भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम ३ मध्ये ती घातलेली नाही. अवाजवी भार न पडता देता येण्यासारखी आवश्यक सोय नाकारणे, हाही या कायद्याने भेदभावच ठरविला आहे. एखादी कृती योग्य उद्दिष्टासाठी आणि त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात केलेली आहे, असे दाखविता आले तरच ती भेदभाव ठरत नाही. हे दाखविण्याचे काम अर्थातच कृती करणाऱ्याकडे येते.

शासकीय आस्थापनांसाठी कलम २० अधिक स्पष्ट आहे. शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही या व्याख्येत येतात. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनतीही करता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच लाभांसह दुसरे पद द्यावयाचे. तसे पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावयाचे.

कर्तव्यावर झालेल्या दुखापतीमुळे पाय गमावलेल्या एका शिपायास सेवेसाठी असमर्थ ठरवून निवृत्त करण्यात आले होते. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली, १९९५ च्या कायद्यातील अशाच तरतुदीचे पालन बंधनकारक असल्याचे सांगितले. निवृत्तिवेतन मिळते, एवढ्यावरून हे संरक्षण नाकारता येत नाही, असेही स्पष्ट केले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये, मानसिक आजार असलेल्या एका केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या अधिकाऱ्याच्या खटल्यात न्यायालयाने पुराव्याविषयी मोलाचा निर्वाळा दिला. अपंगत्व हेच एकमेव कारण होते असे सिद्ध करण्याची गरज नाही. ते अनेक कारणांपैकी एक होते, एवढे पुरेसे आहे.

मग ते दाखवावयाचे कसे? उत्तर बहुधा तारखांच्या क्रमात सापडते. समजा, एका लिपिकाची दृष्टी मंदावली. त्याने मोठ्या अक्षरांच्या पडद्याची मागणी केली, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले. उत्तर आले नाही. तोवर त्याचे गोपनीय अहवाल चांगले होते. अर्जानंतर मात्र कारणे दाखवा नोटिसा सुरू झाल्या आणि अखेर सेवामुक्तीचा आदेश निघाला. यातील एकही कागद एकट्याने बोलत नाही. क्रमाने मांडले की सारे बोलू लागतात. त्याच चुका करणाऱ्या इतर सहकाऱ्यांना केवळ समज देण्यात आली असेल, तर हा फरकही पुराव्यात येतो.

म्हणून कर्मचाऱ्याने मागणी लेखी करावी, आवक क्रमांकासह पोच घ्यावी, प्रमाणपत्र, नोटिसा व उत्तरे यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. तोंडी विनंतीची नोंद कोणत्याही नस्तीत होत नाही. शासकीय कार्यालयातील कागद माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात.

दाद मागण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. कलम २० च्या भंगाची तक्रार शासकीय आस्थापनेतील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. नोंदणीपासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करावयाची असते. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. राज्य आयुक्तांचे कार्यालय पुण्यास आहे. साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. त्यांची शिफारस मान्य नसेल, तर संबंधित प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत कारणे कळवावयाची असतात. खाजगी शाळेतील बडतर्फ शिक्षकास १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमानुसार शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याची मुदत अवघी ३० दिवसांची आहे. मुदत टळली म्हणजे सबळ पुरावाही अडचणीत येतो. कलम २० खाजगी कंपन्यांना लागू नाही. तथापि समान संधी धोरण प्रसिद्ध करणे प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक आहे. त्या धोरणाची प्रत मागून घ्यावी.

आता आपल्याविषयी. आपल्यापैकी अनेकांच्या सहीने माणसे नोकरीत राहतात किंवा बाहेर पडतात. सही करण्यापूर्वी नस्ती पुन्हा उघडावी. या माणसाने कोणती सोय मागितली होती? तिचे उत्तर दिले काय? पर्यायी पद शोधल्याची नोंद आहे काय? नोंद नसेल, तर आदेश थांबवावा आणि आधी ते काम करावे. गावातील पंचायत सदस्यानेही अशा माणसाला केवळ धीर देऊन न थांबता, अर्ज लिहून देण्यास व पोच मिळवून देण्यास मदत करावी.

अन्याय झाल्यावर तो सिद्ध करण्याचे ओझे दुबळ्याच्या खांद्यावर पडते. नस्तीतील एका वेळेवर दिलेल्या उत्तराने ते ओझे मुळातच टाळता येते, हे आपण ध्यानी ठेवू या.