औषध मिळाले, पुनर्वसनाचे काय?

(अंबरनाथ येथे कामगार बंधु-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एचआयव्हीबाधित कामगारांचे अपंगत्व आणि त्यांचे पुनर्वसन हा आजचा विषय आहे. रोगाची माहिती सांगण्याचे काम डॉक्टरांचे. मी कायद्याचा माणूस आहे. ज्याचा जीव औषधाने वाचविला, त्याच्या हातचे काम कायदा वाचवितो की नाही, एवढाच प्रश्न मी आपणांपुढे मांडणार आहे.

पुनर्वसन हा शब्द आपल्या या भागाला परका नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ एक लाख निर्वासितांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे उल्हासनगरचा पाया घातला. आजही तेथील मनुष्य आपला पत्ता कॅम्पच्या नंबरावरून सांगतो. पुढे १९५४ साली निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा संसदेने केला. ज्याचे घरदार व धंदा हिरावला गेला त्याला पुन्हा उभे करणे ही कोणाची मेहेरबानी नसून राज्याचे कर्तव्य आहे, हे त्या कायद्यामागचे तत्त्व होय. आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातही बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी लोकसहाय्य मिळावे, असे राज्याला बजावलेले आहे. घर गमावलेल्या माणसाला जो न्याय, तोच शरीराचे बळ गमावलेल्या माणसाला लागू झाला पाहिजे.

आता वस्तुस्थिती पाहू. १ एप्रिल २००४ पासून या देशात सरकारने एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २०१७ पासून तर तपासणीत बाधा आढळली की लगेच उपचार सुरू करावेत, असे धोरण ठरले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख बाधित व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रात होत्या. ही संख्या सर्व राज्यांत मोठी आहे. ही माणसे आज जगत आहेत, कामावर जात आहेत, मुलांना शिकवीत आहेत. औषधाने विषाणू दबून राहिला तर त्यांच्यापासून जोडीदारालाही बाधा होत नाही, हे शास्त्राने सिद्ध केले आहे.

परंतु जीव वाचणे आणि जीवन पूर्ववत होणे या दोन गोष्टी एक नाहीत. आरंभीच्या वर्षांत मोफत मिळणाऱ्या औषधांत स्टॅव्ह्युडीन नावाचे औषध होते. त्याने अनेकांच्या पायांच्या नसांना इजा झाली. पुढे ते औषध बंद करण्यात आले, पण बधिरपणा व जळजळ कित्येकांच्या पायांत कायम राहिली. कोणाला क्षय होऊन गेल्यावर धाप लागते, कोणाची दृष्टी मंदावते, कोणाला मेंदूच्या आजारानंतर हात नीट उचलता येत नाही, कोणाला थकव्याने व खिन्नतेने ग्रासलेले असते. उल्हासनगरच्या जीन्स शिवण्याच्या कारखान्यात नगावर मजुरी मिळते. तेथे मशीनच्या पायट्यावर ठेवलेला पाय बधिर असेल तर नग कमी होतात, आणि नग कमी झाले की चूल मंदावते. बदलापूरच्या माणसाला मुंबईच्या शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे ६८ किलोमीटर जायचे, तेही बहुधा उभ्याने. अशा पायांनी ते अंतर दररोज कसे कापावे?

या दुःखाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. कॅनडातील टोरांटो येथे केली ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित व्यक्तींनाच बोलते केले आणि २००८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे की, या रोगातील अपंगत्व एका जागी स्थिर राहत नाही. ते येते आणि जाते. शरीराची व मनाची पीडा, रोजच्या कामातील अडचण, समाजात मिसळण्यातील अडथळा आणि उद्याची अनिश्चितता, अशी चार अंगे त्यांनी दाखविली. सोबतीला माणसे असली की हे अपंगत्व हलके होते आणि कलंक लागला की जड होते, हेही त्यांनी नोंदविले. पैकी अनिश्चितता हे अंग मला विशेष महत्त्वाचे वाटते. सोमवारी धडधाकट असलेला कामगार गुरुवारी उठू शकेल की नाही, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. मग तो मालकाला काय सांगणार?

आपला कायदा मात्र माणसाला एका दिवशी तपासतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत २१ प्रकारचे अपंगत्व नमूद आहे. त्यात एचआयव्ही नाही. आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ज्या दिवशी तपासणी झाली त्या दिवशी हा मनुष्य बरा असला तर तो कागदोपत्री धडधाकट ठरतो. आजार चढउताराचा आहे म्हणून तो वगळला, असेही म्हणता येत नाही. कारण सिकलसेल, हिमोफिलिया आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे चढउताराचेच आजार त्याच यादीत आहेत.

दुसऱ्या बाजूने पाहा. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात महत्त्वाचा निवाडा दिला. एका सार्वजनिक महामंडळाने केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून दूर केले होते. जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला या कारणावरून काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून निवाड्यात नावाऐवजी केवळ अक्षरे घातली आहेत. पुढे २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आला आणि खाजगी मालकही या बंधनात आले.

येथेच खरा पेच आहे. नोकरी टिकविण्यासाठी कामगाराने म्हणावयाचे, "मी समर्थ आहे." सवलत मिळविण्यासाठी म्हणावयाचे, "मी असमर्थ आहे." दोन्ही म्हणणी खरी असताना तो दोन्हीकडे खोटा ठरतो आणि बहुधा गप्प बसतो. त्याचे हे मौन मोडणे हे माझ्या मते आजचे कार्य आहे.

या पेचावर तोडगा कायद्यातच आहे. तो आपण वापरीत नाही एवढेच. २०१७ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात वाजवी सोय हे तत्त्व आले आहे. वाजवी सोय म्हणजे कामात असा किरकोळ बदल की, ज्यामुळे पात्र मनुष्य आपले मुख्य काम पार पाडू शकेल. उभ्याच्या कामाऐवजी बैठे काम, रात्रपाळीऐवजी दिवसपाळी, औषध आणण्याच्या दिवशी दोन तासांची मोकळीक, हीच ती सोय. कामावरून काढावयाचे झाल्यास मालकाने स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय दिला पाहिजे, आणि अशी सोय न देण्यामागे आपणावर कोणता भार पडतो, हेही लेखी सांगितले पाहिजे. तोंडी "उद्यापासून येऊ नकोस" हे कायद्यात बसत नाही. १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आपल्याकडील लहान कारखान्यांत तितकी माणसे नसतात. पण अशा ठिकाणच्या कामगारासाठी या कायद्याखालील लोकपालाचा मार्ग मोकळा आहे. त्याने तीस दिवसांत आदेश द्यावयाचा असतो.

सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितले की, वाजवी सोय मिळण्यास ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. त्याला लिहिताना हाताला पेटके येत. त्याचा आजार एचआयव्हीचा नव्हता. परंतु तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे. टक्केवारी सवलतींसाठी आहे, माणुसकीसाठी नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, अनुसूचीत बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. तो वापरून एचआयव्हीमुळे येणाऱ्या चढउताराच्या अपंगत्वाची दखल घ्यावी आणि ते एका दिवसाच्या तपासणीवर न मोजता वर्षभराच्या वैद्यकीय नोंदींवरून मोजावे. दुसरी, जेथे औषधे मिळतात तेथेच फिजिओथेरपिस्ट, नेत्रतपासणी आणि मानसोपचार यांची सोय असावी. गोळ्यांची बाटली हातात दिली की राज्याचे कर्तव्य संपत नाही. तिसरी, महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत या प्रश्नाचे संशोधन व्हावे. टोरांटोतील माणसाची अडचण आणि आनंदनगरच्या रासायनिक कारखान्यातील कंत्राटी कामगाराची अडचण एकच असेल, असे गृहीत धरणे बरे नव्हे.

हे होईपर्यंत जे आहे ते घ्या. कामगार विमा योजनेतील प्रदीर्घ आजाराच्या यादीत एड्स आहे. दोन वर्षे विमाधारक राहिलेल्या पात्र कामगाराला दीर्घकाळ लाभ मिळू शकतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही या आजाराचा समावेश आहे. त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करावा. आणि एक वकिली सल्ला लक्षात ठेवा. सोय मागताना रोगाचे नाव सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. "पायाच्या नसांच्या आजारामुळे फार वेळ उभे राहता येत नाही," एवढे डॉक्टरांनी लिहून दिले तरी काम भागते.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. कोणाचा पेला वेगळा ठेवणे, कोणी बसलेली जागा धुणे, कोणाच्या मुलाशी आपले मूल खेळू न देणे, यांचा अर्थ या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही. तो आपल्या आजा-पणज्यांनी अंगावर सोसलेला आहे. मग तोच विटाळ आपल्याच चाळीत, आपल्याच सुनेच्या वाट्याला यावा काय? नवऱ्याच्या मरणानंतर तिला घराबाहेर काढणाऱ्यांना सांगा की, त्या घरात राहण्याचा तिचा हक्क २०१७ च्या कायद्याने मान्य केला आहे. तिला रोग कसा झाला, हे कायदा विचारीत नाही. आपणही विचारू नये.

ज्याला औषध मिळाले त्याला काम मिळाले पाहिजे, आणि ज्या दिवशी काम झेपत नाही त्या दिवशी आधार मिळाला पाहिजे. या दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी, ताठ मानेने मागू शकेल, तेव्हाच त्याचे पुनर्वसन झाले असे म्हणता येईल. त्याच्या अर्जावर त्याची सही एकट्याची असेल. कचेरीच्या दारापर्यंत मात्र त्याच्याबरोबर आपण असले पाहिजे.