डागांसकट साक्ष



या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानायची रीत आहे. ते मी मनापासून मानतो आणि मुद्द्यावर येतो, कारण आज आभार हाच माझा विषय आहे. देवाच्या कृपेबद्दल कृतज्ञ असलेला माणूस ती कृपा दुसऱ्याला सांगायला उभा राहतो, तेव्हा एक अडचण होते. जे तो सांगतो तसा तो स्वतः नसतो. हे त्याला ठाऊक असतं, त्याच्या बायकोला तर फारच ठाऊक असतं, आणि शेजारपाजारच्यांनाही अंदाज असतो. फक्त त्याच्या लेखनात त्याचा पत्ता नसतो. मराठी ख्रिस्ती साहित्य आज अशक्त दिसतं, त्याचं मोठं कारण मला इथे सापडतं.

आपण नगरमध्ये जमलो आहोत. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 मध्ये याच गावातून निघालं आणि पुढे 1912 पासून त्याच्या मराठी विभागाचं संपादन रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केलं. तेव्हा टिळकांना टाळून इथे बोलता येणार नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. साक्ष द्यायच्या आपल्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी होती: जुना माणूस गेला, नवा आला. पण टिळकांच्या बाबतीत पुढचं सगळं आपल्याला कळलं, कारण ते सांगणारी बाई वेगळी होती.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई बाप्तिस्म्याच्या वेळी नवऱ्याबरोबर नव्हत्या. काही वर्षं त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या, नंतर आल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याच्यासाठी त्या आठवणी सांगू-लिहू लागल्या. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झालं. पहिला भाग 1934 मध्ये आला. जरा विचार करा. ज्यांची भजनं दर रविवारी देवळादेवळात म्हटली जात होती, त्या कवीची विधवा लिहायला बसली होती. तिने नवऱ्याला थोडा रंग लावला असता तर कोण विचारणार होतं? तिने लावला नाही. टिळकांचा संताप बाप्तिस्म्यानंतरही तोच. कुणी मागितलं की हातातलं देऊन मोकळं व्हायचं आणि घरात काय शिजणार याचा विचार बाईने करायचा, हेही तेच. तिने हे सगळं लिहिलं, आणि अशा सुरात लिहिलं की वाचणारा हसतो, टिळकांवर चिडतो आणि पान उलटेपर्यंत त्यांच्या प्रेमात पडलेला असतो.

स्वतःलाही तिने सोडलं नाही. नवऱ्याकडे परत आली ती सोवळं घेऊनच. ख्रिस्ती घरात वेगळी चूल, वेगळं पाणी. हा विटाळ तिच्या मनातून कसा गेला ते ती सांगते, पण त्याआधी तो किती घट्ट होता हे जास्त जीव लावून सांगते. जातीचा अभिमान ही आपल्यातल्या अनेकांची अडचण आहे, हे आपण परिसंवादात मान्य करतो. आपल्या स्वयंपाकघरातला अभिमान मात्र नावानिशी लिहिणारी ती जवळजवळ एकटीच. मिशनच्या पत्रिकांना ज्या घरांची दारं कधी उघडली नाहीत, त्या घरांच्या कपाटात आज ‘स्मृतिचित्रे’ आहे. सुवार्ताप्रसाराचा एवढा यशस्वी ग्रंथ मराठीत दुसरा झाला नाही, असं मी म्हणतो. आणि त्यात उपदेश किती आहे? शोधावा लागतो.

आता आपल्या नेहमीच्या साक्षीकडे बघू. तिची ठेवण आपल्याला पाठ आहे. आधी दारू, मटका, घरात मारहाण. मग एखादी सभा, एखाद्या बहिणीची प्रार्थना, एक आजारपण. मग प्रकाश. मी याची थट्टा करत नाही. दारू सुटलेली घरं मी पाहिली आहेत आणि त्या घरातल्या बाईला ही गोष्ट शंभरदा सांगावीशी वाटली तर तिने शंभरदा सांगावी. माझा प्रश्न पुढचा आहे. प्रकाशानंतर वीस वर्षं गेली, त्याचं काय झालं? तोच माणूस मंडळीच्या कमिटीत बसतो, जागेच्या वादात कोर्टाची पायरी चढतो, सख्ख्या भावाशी बोलत नाही, आणि रविवारी उभा राहून तीच वीस वर्षांपूर्वीची साक्ष देतो. त्याच्या कृतज्ञतेला वीस वर्षांत नवं काही घडलंच नाही काय?

यावर आपली पळवाट म्हणजे ‘मी महापापी’. हे म्हणायला काहीच लागत नाही. सगळेच महापापी असले की कुणालाच लाज वाटत नाही. तुकोबांनीही स्वतःला बोल लावले. पण त्यांच्या आत्मपर अभंगांत दुष्काळ आहे, बुडालेला धंदा आहे, अन्नावाचून मेलेली बायको आहे आणि त्याची लाज आहे. तिथे पाप मोघम नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्या पुलावरून येताना आपण बाकीच्यांनी हा मोघमपणा टाळण्याचा धडा तिकडेच ठेवला.

खरं तर आपल्याला तुकोबांपर्यंतही जायची गरज नाही. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा प्रभूला नाकारलं, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. चौघांच्या मांडणीत कितीतरी गोष्टी वेगळ्या आहेत, पण ही कुणी गाळली नाही. मंडळीच्या अगदी जुन्या परंपरेनुसार मार्काने लिहिलं ते पेत्राच्या आठवणींवरून; आणि मार्काच्या शुभवर्तमानात पेत्राची गय फारशी केलेली नाही. ही परंपरा खरी धरली, तर रोमच्या ख्रिस्ती लोकांसमोर हा म्हातारा प्रेषित उभा राहून सांगत असणार की एका दासीच्या प्रश्नाला मी घाबरलो. त्या काळी त्याच शहरात विश्वासासाठी माणसं मारली जात होती. त्यांच्यापैकीही काही घाबरली असणार, काहींनी नाकारलं असणार. त्यांना शूर प्रेषिताचा काय उपयोग होता? हे धन आपल्याजवळ मातीच्या भांड्यांत आहे, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं ते आपण अनेकदा वाचतो, पण वाचताना भांड्यावर सोनेरी मुलामा देतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला अधिक अवघड वाटतं, म्हणून अधिक मोलाचं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. सगळ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. त्यानंतर अमेरिकेचा दौरा, मुंबईत विधवांसाठी काढलेलं शारदा सदन, पुढे त्यावरून पुण्यात झालेला धर्मांतराचा वाद. एवढी किंमत मोजलेल्या बाईने पुढे आपल्या साक्षीत काय सांगावं? की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्मांतर करून चूक केली म्हणणाऱ्या विरोधकांच्या हाती हे केवढं आयतं हत्यार! रमाबाईंनी ते बिनदिक्कत त्यांच्या हाती दिलं, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायांचा सांभाळ करता करता, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम पूर्ण झालेलं होतं.

एक परदेशी उदाहरण देतो, कारण त्याच्या गीताशिवाय आपल्या तरुणांचा एकही कार्यक्रम होत नाही. कृपेवरचं ते जगप्रसिद्ध इंग्रजी गीत लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापारात होता, समुद्रात वादळात सापडला, देवाकडे वळला, हे आपण सांगतो. ते 1748 साल. आपण सांगत नाही ते असं: त्यानंतर तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला आणि 1754 पर्यंत तो धंदा त्याने केला. प्रार्थना वर डेकवर, साखळ्या खाली. गीत सुमारे 1773 चं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धची पुस्तिका, ज्यात त्या जहाजांवर माणसं कशी दाटीने आडवी टाकत, बायकांवर काय ओढवत असे हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं आणि आपली कबुली फार उशिराची आहे असं म्हटलं, ती 1788 ची. म्हणजे चाळीस वर्षं. कृपा मिळालेल्या माणसालाही आपलं सर्वांत मोठं पाप दिसायला इतका वेळ लागू शकतो. गीत सुंदर आहेच, पण साक्ष म्हणून मी त्या पुस्तिकेला वरचं स्थान देईन.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि कालच रात्री जेवताना एकाने म्हटलंही, की काळ बघून बोला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा वसईचा मराठी लेखक, ‘सुबोध बायबल’कर्ता, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला तर त्याच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. अशा वेळी आपणच आपले डाग दाखवायचे? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला स्वच्छ कपड्यांत बाहेर पडावंसं वाटतं, त्यात पाप नाही. पण स्वच्छ दिसण्याने कुणाचा संशय फिटला, असं मी अजून पाहिलेलं नाही. उलट, जो आपलं बरंच झाकतो असं लोकांना वाटतं, त्याच्याबद्दल ते नसलेलंही कल्पून घेतात. आणि सुवार्ता ही आमच्या चारित्र्याची जाहिरात असेल, तर ती आमच्या पहिल्या पडझडीबरोबर संपायला हवी होती.

मात्र दोन कुंपणं घालतो. आपली चूक सांगताना दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही. लक्ष्मीबाईंना टिळकांचा राग लिहायचा हक्क होता, कारण तो त्यांनी सोसला होता. दुसरं असं, की मंडळीच्या पैशाची अफरातफर किंवा वसतिगृहातल्या मुलांवरचा अत्याचार ही ‘साक्ष’ देण्याची गोष्ट नव्हे. तिथे आधी पोलीस ठाणं, कृपेचं नाव नंतर. कृपेच्या नावाखाली प्रकरण मिटवणारे मला माहीत आहेत आणि त्यांच्या तोंडी कृतज्ञता ऐकवत नाही.

माझी या संमेलनाकडे मागणी मोठी नाही. आपल्या कितीतरी घरांत ट्रंकांच्या तळाशी वह्या आहेत: खेडोपाडी हिंडलेल्या बायबल बायांच्या, शाळामास्तरांच्या, कीर्तनं करणाऱ्या प्रचारकांच्या. कुटुंबं त्या स्मरणिकेसाठी देतात तेव्हा आधी चाळून देतात. पगारावरून साहेबांशी झालेलं भांडण जातं, विश्वास डळमळलेली वर्षं जातात, दुसऱ्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबात मुलगी द्यायला नकार दिला ते तर पहिल्यांदा जातं. उरतात जन्म, बाप्तिस्मा, नेमणुका आणि निधन. संपादकांना माझी विनंती आहे की त्यांनी अशी चाळलेली वही घेऊ नये, पूर्ण मागावी. तरुण लेखकांनाही सांगतो, तुमची साक्ष बाप्तिस्म्याच्या दिवसापासून मागे लिहू नका, गेल्या वर्षापासून लिहा. या दोन्हींसाठी दुपारच्या खुल्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी मंडपाच्या डाव्या बाजूला, पुस्तकांच्या टेबलाशी असेन.