सावलीचा पत्ता
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षभराचा लेखाजोखा आपल्या हाती आहेच. त्यातील तक्त्यांत ज्यांची नोंद सहसा होत नाही, अशा आपल्या शेजाऱ्यांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

येरवड्याच्या कडेने मुळा-मुठा वाहते. तिच्या काठी डॉ. सालीम अली यांच्या नावाने ओळखला जाणारा पक्ष्यांचा पट्टा आहे. तेथे बाभळी आहेत, उंच गवत आहे, बगळे, खंड्या आणि घारी आहेत. उन्हाळ्यात पाण्याला दुर्गंधी येते, जलपर्णी माजते. त्यामुळे या जागेला रमणीय म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तरीही ज्यांना घर नाही असे कितीतरी जण दुपारी या काठच्या झाडांखाली येऊन पडतात.

सृष्टिसौंदर्य हे त्याचे पहिले कारण नव्हे. पदपथावर रात्री झोप लागत नाही. वाहनांची वर्दळ असते, उशाचे गाठोडे जाईल ही भीती असते, कोणी येऊन उठवील ही धास्ती असते. अपुऱ्या झोपेने रक्तदाब चढतो, साखर आटोक्यात राहत नाही, मनाचा आजार उचल खातो. रात्रीची ती झोप दुपारी सावलीत भरून काढावी लागते. आणि महापालिकेची बहुतेक उद्याने नेमकी दुपारीच बंद असतात! पायाची जखम दाखवावयास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांना नोंदणीच्या खिडकीवर पत्ता विचारला, तेव्हा ते म्हणाले, "पुलाच्या पुढं चिंचेचं झाड. तिथं कुणी हटकत नाही." त्या रकान्यात आम्ही तेच लिहून घेतले.

हा पत्ता किती दिवस टिकेल? पुण्यातील ४४ किलोमीटर नदीकाठाच्या सुशोभीकरणाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. वृक्षतोडीविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिक रस्त्यावर आले. त्या वादात झाडांची बाजू मांडली गेली, पक्ष्यांचीही. सावलीत निजणाऱ्यांची बाजू आमच्या तरी फारशी कानी आली नाही. नदीही कायम आसरा देत नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. झाड हे घर नव्हे, हे तेथे निजणाऱ्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे.

आता आपल्या दाराकडे वळू. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यावे लागते. एरवी मात्र शिधापत्रिका, दारिद्र्यरेषेखालील कार्ड किंवा तहसीलदारांचा दाखला लागतो. ज्याचा पत्ता चिंचेचे झाड आहे, त्याने हा कागद कोठून आणावा? जो सर्वांत निर्धन, त्यालाच निर्धनता सिद्ध करणे सर्वांत अवघड.

म्हणून विश्वस्तांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवीत आहोत. समाजसेवा अधीक्षकांनी जागेवर जाऊन दिलेली लेखी नोंद आपल्या रुग्णालयापुरती पुरेशी मानावी व असा खर्च देणगी निधीतून करावा. मधुमेहाचे इन्शुलिन व क्षयाच्या गोळ्या गाठोड्यात भिजतात, चोरीस जातात. त्या ठेवण्यासाठी बाह्यरुग्ण विभागात नावनिशीवार कप्पे असावेत. आणि आठवड्यातून दोनदा, दुपारी, परिचारिकेने मलमपट्टीचे साहित्य घेऊन नदीकाठी जावे. दुपारीच, कारण तेव्हा ती माणसे हमखास भेटतात. मात्र निजलेल्याला उठवू नये, त्याची झोप होईपर्यंत थांबावे.

तिसऱ्या कामासाठी वाहन नको, एक छत्री आणि दोन पिशव्या पुरतील. ठराव आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.